झाडाचा जन्मदाखला कुठे मिळेल?

कल्पना करा, तुमच्या मामांनी पुण्याच्या एका उपनगरात जुना बंगला विकत घ्यायचे ठरवले आहे. बैठे घर, वर गच्ची, भोवती बऱ्यापैकी अंगण. फाटकापाशी भला मोठा रेन ट्री, म्हणजे विलायती शिरीष. उजव्या बाजूला गुलमोहर. डाव्या बाजूला, घराच्या जरासा मागे सरून, आंबा. मामांना नेमक्या त्या आंब्याच्या जागी दोन खोल्या वाढवायच्या आहेत.

घर दाखवणारा दलाल म्हणतो, "झाडांची काळजी नको साहेब. पंचवीस-तीस वर्षांची असतील. घर ताब्यात आलं की काढून टाकू."

कुंपणापलीकडून शेजारचे आजोबा म्हणतात, "अहो, काय बोलता! तीनशे वर्षांची झाडं आहेत ही."

मामा तुमच्याकडे वळतात. "काय रे, तू तर शाळेच्या विज्ञान मंडळात आहेस. यांच्यात खरं कोण बोलतंय?"

आता तुम्ही काय कराल? दोघांनाही एकच प्रश्न विचारायचा : "कशावरून?" दलालाजवळ त्याचे उत्तर नाही आणि आजोबांजवळही नाही. मग ते उत्तर आपणच शोधायला हवे. घर विकत घेताना नळ, वीज, भिंतींची ओल हे सारे जण पाहतात. अंगणातल्या झाडांची चौकशी मात्र क्वचितच कोणी करते. ती कशी करायची, ते या लेखात पाहू.

वयाला एवढे महत्त्व का?

महाराष्ट्रातील शहरांसाठी १९७५ साली झाडांचे संरक्षण व जतन करण्याचा कायदा झाला. त्यानुसार महापालिका किंवा नगरपालिका वृक्ष प्राधिकरण नेमते. झाड आपल्या खासगी अंगणात असले, आपण स्वतः लावलेले असले, तरी परवानगीवाचून ते तोडता येत नाही. आणि 'तोडणे' याचा अर्थ केवळ कुऱ्हाड चालवणे असा नाही. झाड जाळणे किंवा त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही या कायद्याने तोडण्यातच धरले आहे.

मात्र हा कायदा आंधळा नाही. झाड मेलेले असेल, रोगट असेल, वाऱ्याने उन्मळले असेल किंवा त्यापासून माणसांना धोका असेल, तर परवानगी मिळू शकते. परवानगीसाठी अर्ज आला की त्याची सूचना वर्तमानपत्रात येते आणि त्या झाडावरही ठळक जागी लावली जाते. हेतू हा की, कोणाला हरकत घ्यायची असेल तर ती घेता यावी.

२०२१ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला 'हेरिटेज वृक्ष' म्हणून विशेष संरक्षण मिळाले. शिवाय झाड तोडावेच लागले, तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन आले. साठ वर्षांचे झाड तोडले तर साठ रोपे!

आता लक्षात आले ना? मामांच्या आंब्याचे वय ४५ आहे की ५५, यावर पुष्कळ गोष्टी अवलंबून आहेत. अडचण एवढीच की, माणसाला जन्मदाखला असतो, तसा झाडाला नसतो.

टेप काय सांगते?

सर्वांत सोपी मोजणी खोडाच्या घेराची. कापडी टेप घ्या. ती नसेल तर न ताणणारी सुतळी चालेल. सुतळी गुंडाळून मग ती फूटपट्टीवर मोजावी. घेर कोठे मोजायचा, याचाही एक संकेत आहे. बुंध्यापाशी खोड फुगलेले असते, म्हणून आपल्याकडे वनखात्याच्या पद्धतीत जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर घेर मोजतात. ही साधारण मोठ्या माणसाच्या छातीची उंची. सगळ्यांनी एकाच उंचीवर मोजले, तरच दोन झाडांची तुलना करता येते.

समजा, आंब्याचा घेर २२० सेंटिमीटर भरला. आता तुलनेसाठी ज्याचे वय नक्की ठाऊक आहे असे आंब्याचे झाड हवे. शाळेच्या आवारात असे झाड बहुधा सापडते. कोणी पाहुण्याने ते लावल्याची फरशी त्याच्या पायाशी बसवलेली असते. समजा, त्या झाडाला ४० वर्षे झाली आहेत आणि त्याचा घेर १६० सेंटिमीटर आहे. म्हणजे सरासरी वाढ वर्षाला ४ सेंटिमीटर. या हिशेबाने मामांचा आंबा २२० ÷ ४ = ५५ वर्षांचा.

झाले का काम? नाही! अंगणातल्या आंब्याला मोरीचे पाणी मिळत असेल, तर तो भरभर वाढला असेल. वर्षाला ५ सेंटिमीटर धरले, तर वय ४४ येते. उलट तो कोरड्या मुरमात वाढला असेल आणि वाढ ३ सेंटिमीटरच असेल, तर वय ७३ येते. त्यातून म्हातारे झाड तरुणपणाइतक्या वेगाने जाड होत नाही, हे वेगळेच.

म्हणजे टेपने आपल्याला एक आकडा दिला नाही; ४४ ते ७३ अशी कक्षा दिली. आणि कायद्याची पन्नाशी नेमकी या कक्षेच्या आत पडते. दलालाचे 'पंचवीस-तीस' मात्र बरेचसे डळमळीत झाले. अशा वेळी मनाला पटणारा आकडा उचलून मोकळे होणे ही लबाडी ठरेल. आणखी पुरावा शोधायला हवा.

वलये मोजता येतील का?

तुमच्यापैकी कोणीतरी म्हणेल, "झाडाच्या खोडात वर्षाला एक वलय तयार होते. वलये मोजली की वय मिळाले!" हे खरे आहे, पण अर्धेच.

सालीच्या आत पेशींचा एक पातळ थर असतो. तो आतल्या बाजूला नवे लाकूड तयार करतो. थंड देशांत हिवाळ्यात त्याचे काम थांबते. वसंतात ते जोराने सुरू होते, तेव्हा मोठ्या पोकळीच्या पेशी तयार होतात; पुढे वेग मंदावला की लहान, दाट पेशी तयार होतात. या फिकट आणि गडद लाकडाची जोडी म्हणजे एका वर्षाचे वलय.

आपल्याकडे हिवाळा झाडाचे काम पूर्ण थांबवण्याइतका कडक नसतो. तरीही सागासारखी झाडे उन्हाळ्यात पाने टाकून स्वस्थ बसतात आणि पावसाबरोबर पुन्हा वाढीला लागतात. म्हणून सागात वलये स्पष्ट दिसतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी सागाच्या वलयांवरून जुन्या काळच्या पावसाचा अभ्यास केला आहे. आंब्याचे तसे नाही. त्याला वर्षातून एकाहून अधिक वेळा पालवी फुटते, वलये अस्पष्ट राहतात आणि दोन वलये म्हणजे दोन वर्षे असे खात्रीने म्हणता येत नाही.

शिवाय वलये पाहायची तर झाड कापायला हवे, नाहीतर पोकळ गिरमिटाने खोडाचा बारीक नमुना काढायला हवा. तोही झाडाला जखम करूनच! वाचवायचे की नाही हे ठरवण्यासाठी झाड कापून पाहणे म्हणजे काडी ओढून काडेपेटी तपासण्यासारखे झाले.

झाडाचे मूळ गाव

आता आजोबांच्या 'तीनशे वर्षां'कडे वळू. इथे वनस्पतिशास्त्राचा इतिहास आपल्या मदतीला येतो.

गुलमोहर आपल्या इतका ओळखीचा की तो इथलाच वाटतो. पण त्याचे मूळ गाव मादागास्कर बेट. बोजर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला तो तिथे आढळला आणि १८२९ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. त्यानंतर तो शोभेचे झाड म्हणून जगभर पसरला. रेन ट्री उष्ण कटिबंधातील अमेरिकेतला. तोही आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात आला. मग पुण्याच्या अंगणात तीनशे वर्षांचा गुलमोहर किंवा रेन ट्री असेल कसा? आजोबांचे प्रेम खरे, पण आकडा चूक.

आंब्याला मात्र हा न्याय लावता येत नाही. तो आपल्याच भूमीतला, हजारो वर्षे इथे असलेला. त्याच्यासाठी दुसरे साक्षीदार हवेत.

कागद बोलू लागतात

घराचे जुने कागद हे ते साक्षीदार. खरेदीखत, मिळकत पत्रिका आणि बांधकामाचा मंजूर नकाशा यांवर तारखा असतात. उपनगरे वसण्यापूर्वी तिथे बहुधा शेते होती, म्हणून त्या जमिनीचा जुना सातबारा उताराही पाहावा. बांधावरच्या आंब्यांची नोंद कधीकधी त्यात सापडते. महापालिकेची वृक्षगणनाही पाहावी. ती दर पाच वर्षांनी करावी असे कायद्यातच म्हटले आहे. मागच्या गणनेतला घेर मिळाला, तर दोन मोजण्यांमधील फरकावरून याच झाडाची वाढ काढता येईल. शाळेच्या आंब्यापेक्षा हा पुरावा कितीतरी चांगला.

पण सर्वांत बोलका साक्षीदार पुष्कळदा एखाद्या जुन्या ट्रंकेत असतो. तो म्हणजे फोटो.

समजा, बंगल्याच्या मालकीणबाईंनी मुंजीचा एक जुना फोटो काढून दिला. मागे स्टुडिओचा शिक्का आणि साल : १९७६. बटूच्या मागे घराचे दार दिसते आणि डावीकडे, जरासा मागे, एक आंबा. आता पट्टी घ्या. फोटोत दाराची उंची १.४ सेंटिमीटर आहे आणि झाडाची २.८ सेंटिमीटर. प्रत्यक्षातले दार मोजले तर ते २.१ मीटर भरते. दार जर १.४ ला २.१ मीटर, तर झाड २.८ ला ४.२ मीटर.

इथे एक शंका घ्यायला हवी. झाड दाराच्या मागे आहे, म्हणजे कॅमेऱ्यापासून अधिक दूर. दूरची वस्तू लहान दिसते. मग खरी उंची ४.२ मीटरपेक्षा कमी असेल की जास्त? अर्थातच जास्त. म्हणजे आपली चूक झाली असेल, तर ती झाडाचे वय कमी धरण्याकडे झाली आहे. हिशेबात चूक कोणत्या बाजूला होत आहे हे कळणे, हा हिशेबाचाच एक भाग आहे.

चार मीटरहून उंच आंबा एकदोन वर्षांत होत नाही. चार-पाच वर्षे तरी त्याला लागलीच असतील. म्हणजे तो १९७२च्या सुमारास किंवा त्याआधी रुजलेला. टेपची कक्षा आणि फोटोची साक्ष आता एकमेकींशी जुळतात : आंब्याने पन्नाशी ओलांडली आहे. एकट्या टेपला जे सांगता आले नाही आणि एकट्या फोटोवर ज्याचा भरवसा धरता आला नसता, ते दोघांनी मिळून सांगितले.

पोकळ झाड पडेल का?

वय झाले, आता प्रकृती. गुलमोहराच्या खोडावर लाकडी हातोडीने हलकेच ठोकले तर डब्यासारखा आवाज येतो. खोड आतून पोकळ आहे! मामी म्हणतात, "पोकळ झाड अंगणात नको बाई. पावसाळ्यात पडलं तर?"

मामींची भीती खोटी नाही. दर पावसाळ्यात झाडे पडून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. पण पोकळ झाड म्हणजे मरणारे झाड, हे समीकरण बरोबर नाही. खोडाचा आतला गाभा मेलेल्या पेशींचा असतो. पाणी वर नेण्याचे काम बाहेरच्या फिकट, ताज्या लाकडातून चालते. म्हणून गाभा कुजला तरी झाड हिरवेगार राहू शकते.

आणि बळकटीचे काय? सायकलची नळी पोकळ असूनही वजन पेलते, हे आठवा. वाकवणाऱ्या जोराला तोंड देण्याचे काम मुख्यतः बाहेरचा भाग करतो. गोल खोडाची मधोमध पोकळी धरली, तर गेलेली ताकद पोकळीची त्रिज्या ÷ खोडाची त्रिज्या या गुणोत्तराच्या चौथ्या घाताइतकी असते. खोडाची त्रिज्या ३० सेंटिमीटर असेल तर :

पोकळी १५ सेंटिमीटर : गेलेली ताकद सुमारे ६ टक्के
पोकळी २१ सेंटिमीटर : सुमारे २४ टक्के
पोकळी २७ सेंटिमीटर : सुमारे ६६ टक्के

निम्म्या त्रिज्येपर्यंत पोकळ झालेले खोड जेमतेम सहा टक्के ताकद गमावते. पण पुढे धोका भराभर वाढतो. म्हणूनच पोकळ आहे की नाही यापेक्षा किती पोकळ आहे, हा प्रश्न महत्त्वाचा. खोडाला बाजूने मोठे भगदाड असेल, तर वरचा हिशेब लागू पडत नाही. धोका जास्त असतो. बुंध्याशी अळंबीसारखी बुरशी उगवणे, एका बाजूची जमीन उचलली जाऊन तिला भेग पडणे आणि झाड नव्याने कलणे ही तीन लक्षणे दिसली, तर मात्र वेळ घालवू नये. महापालिकेच्या उद्यान विभागाला तत्काळ कळवावे. अंतिम निर्णय जाणकाराचा. आपले काम लक्षणे टिपण्याचे.

मुळे घराचा पाया फोडतात का?

हा मामांचा शेवटचा प्रश्न. मुळे फरशा उचलतात आणि कुंपणाच्या हलक्या भिंतीला तडा देतात, हे आपण पाहतोच. पण अंगणातल्या झाडाने घराचा जड पाया ढकलून फोडला, असे सहसा होत नाही. धोका असतो तो मातीमुळे.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते. उन्हाळ्यात झाड अशा मातीतले पाणी ओढून घेते, माती आकसते, पाया असमान खचतो आणि भिंतीला तडा जातो. गंमत अशी की, अशा जागी मोठे झाड एकाएकी तोडले तर माती पुन्हा पाणी पिऊन फुगते आणि त्यानेही तडे जाऊ शकतात! खाली मुरूम किंवा खडक असेल, तर ही भीती फारशी नसते. पुण्यात काही ठिकाणी हातभर खालीच मुरूम लागतो, तर काही ठिकाणी काळी माती खोलवर असते. म्हणून आपल्या अंगणातली माती आपणच पाहावी.

उलट घराकडून झाडाला असलेला धोका मोठा असतो. बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या सुमारे एक मीटर थरात असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. बांधकामाच्या वेळी खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचे वर्तुळ मोकळे ठेवावे, असा एक ब्रिटिश मानकातला ठोकताळा आहे. आपल्या आंब्याचा घेर २२० सेंटिमीटर, म्हणजे व्यास सुमारे ७० सेंटिमीटर. त्याच्या बारा पट म्हणजे ८.४ मीटर! एवढी जागा शहरी अंगणात क्वचितच मिळते; पण निदान खोडाभोवती सिमेंटचा गळफास तरी नसावा. सांडपाण्याच्या नळासाठी एकाच बाजूने खोल चर खणला, तर कुऱ्हाड न लावताही झाड मरते. कधी ते लगेच मरत नाही. दोनचार वर्षांनी एका वादळात पडते आणि मग सारे जण वाऱ्याला दोष देतात.

मामांना काय सांगाल?

आता तुमची वही मामांपुढे ठेवा. आंबा पन्नाशीच्या पुढचा आहे. तो तोडण्याचा बेत धरून घराचा सौदा करू नये. खोल्या वाढवायच्याच असतील, तर मागच्या बाजूला जागा आहे का ते पाहावे. रेन ट्री आणि गुलमोहर तीनशे वर्षांचे नाहीत. रेन ट्री निरोगी दिसतो. गुलमोहर पोकळ आहे. तो जाणकाराला दाखवावा आणि घरावर झुकलेली फांदी कापायची झाल्यास आधी रीतसर परवानगी घ्यावी.

मामा कदाचित म्हणतील, "म्हणजे घर घेऊ नको म्हणतोस?" तसे नाही. घर घ्यावे की नाही, हे मामांनी ठरवायचे. पण घराबरोबर आपण काय घेत आहोत, हे आता त्यांना कळले आहे. दलालाच्या तोंडच्या एका वाक्यावर एक पन्नाशीचे झाड जाणार होते. ते एका टेपने, एका फोटोने आणि 'कशावरून?' या एका शब्दाने थांबले.

करून पाहा

१. आपल्या गल्लीतील पाच मोठी झाडे निवडा. प्रत्येकाची जात, १.३७ मीटर उंचीवरचा घेर आणि मोजल्याची तारीख वहीत लिहा. दर वर्षी त्याच तारखेला पुन्हा मोजा. आपल्या गावातील झाडांची वाढ आपल्यालाच कळेल.

२. काळी माती आणि मुरूम पाण्यात कालवून दोन सारख्या काड्यापेट्यांत भरा. चार दिवस उन्हात वाळवा. कोणत्या पेटीत माती कडेपासून सुटली आणि किती मिलिमीटर, ते मोजा.

३. घरातील जुने फोटो पाहा. एखाद्यात आज उभे असलेले झाड दिसते का? दार किंवा खिडकी मोजून त्या वेळची झाडाची उंची काढा. फोटोच्या मागे साल नसेल, तर आजीला विचारून ते लिहून ठेवा. पुढे कोणाला तरी तो त्या झाडाचा जन्मदाखला म्हणून उपयोगी पडेल.